लेन्स घालण्याआधी काढायला शिका

लग्नसराई जवळ आली की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "पाहुणे येतील तेव्हा चष्मा काढून ठेव." मुलगी बारावी झाली, पदवी झाली, शिकवणीही घेऊ लागली, पण तिच्या नाकावरचा चष्मा अजून काही घरांत उणेपणा समजला जातो. मग कोणीतरी सुचवते, लेन्स बसवून घ्या, कोणाला कळणारही नाही. लेन्स ही चांगली सोय आहे. तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे नाही. पण "कोणाला कळणारही नाही" या तीन शब्दांत डोळ्याला खरा धोका आहे. तो का, ते पुढे सांगतो. आधी लेन्स म्हणजे काय आणि ती कशी हाताळावी, ते पाहू.

आजची मऊ लेन्स ज्या कल्पनेतून आली ती मोठ्या कारखान्यातली नाही. ऑटो विक्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने 1961 च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले जोडायचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून ती बनवणारे यंत्र तयार केले. ही लेन्स पाणी शोषून मऊ राहते, म्हणून डोळ्याला खुपत नाही. पण जी वस्तू पाणी शोषते ती साबण, अत्तर, तिखट आणि जंतूही धरून ठेवते. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

दुसरी गोष्ट हवेची. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून मिळतो. लेन्स म्हणजे त्या पडद्यावर टाकलेली पातळ चादर. दिवसा ती चालते. रात्री पापण्याही मिटलेल्या असतात, तेव्हा हवा आणखी कमी पडते. म्हणून लेन्स घालून झोपणाऱ्याच्या डोळ्यात जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

लेन्स चष्म्याच्या कागदावरून मागवू नये. डोळ्याची गोलाई मोजावी लागते. शिवाय साधारण चार नंबरच्या पुढे चष्म्याचा आणि लेन्सचा नंबर वेगळा येतो. रंगीत, बिननंबराच्या लेन्सलाही हाच नियम. ती मैत्रिणीकडून एका दिवसापुरतीसुद्धा घेऊ नये.

आता शिकण्याचे. आमच्या जिल्ह्यात धडगावची मुलगी चांदसैली घाट उतरून नंदुरबारला येते, नवापूरची सुरतेला जाते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर लेन्स निघेना, तर रात्री जायचे कोठे? म्हणून तपासणाऱ्यासमोर बसून स्वतःच्या हाताने दोन-तीनदा घातल्याशिवाय आणि काढल्याशिवाय उठू नये. घालता आली, पण काढता येत नाही, तर शिकवणी अपुरी आहे. लाजू नका, पुन्हा दाखवायला सांगा.

घालताना : नखे कापलेली असावीत. हात साध्या साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावेत. टेबलावर स्वच्छ कापड अंथरून त्यावर आरसा ठेवावा. रोज उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे नंबरांची अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहावी. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर ती सुलट, ताटलीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलट. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढावी. दुसऱ्या हाताने वरची पापणी केसांच्या मुळाशी धरावी, म्हणजे ती मिटत नाही. लेन्स हळूच बुबुळावर टेकवावी, नजर खाली न्यावी, मग पापण्या सावकाश सोडाव्यात. पहिल्या दिवशी डोळा दहा वेळा मिटेल. ती डोळ्याची राखण आहे, तुमचा अनाडीपणा नाही. चुरचुरले तर काढावी, सोल्यूशनने धुवावी, पुन्हा घालावी.

काढताना : हात पुन्हा धुऊन कोरडे करावेत. वर पाहावे, खालची पापणी ओढावी, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवावी आणि अंगठा व तर्जनीच्या मऊ भागाने अलगद चिमटीत धरावी. नख लावू नये. लेन्स चिकटली असेल तर ओढू नये. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब टाकावेत, पापण्या मिचकावत काही मिनिटे थांबावे, मग पुन्हा प्रयत्न करावा. लेन्स डोळ्यामागे जाईल ही भीती सोडून द्या. पापणीच्या आतले आवरण वळून डोळ्याला जोडलेले असते, मागे वाट नाही. फार तर ती पापणीखाली सरकते आणि थेंबांनी खाली येते.

वुजूविषयी अनेकींच्या मनात शंका असते. डोळ्याच्या आतला भाग धुणे वुजूत आवश्यक नाही, त्यामुळे वुजूसाठी लेन्स काढण्याची गरज नाही. तोंड धुताना डोळे मिटलेले ठेवावेत. जपायचे ते पाण्याला. नळ, बोअर, विहीर, हौज, टाकी, कुठल्याही पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाच्या पडद्याला जखम करतो आणि बरे व्हायला महिने लागतात, कधी नजरही जाते. म्हणून लेन्स पाण्याने कधीही धुऊ नये, मग ते प्यायचे का असेना. थुंकी किंवा घरी केलेले मिठाचे पाणी तर नाहीच. सकाळी फजरची वुजू आणि आंघोळ आटोपून, हात कोरडे करून लेन्स घालावी, हे सोयीचे.

रमजानमध्ये डोळ्यात टाकलेल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावे, किंवा ते दिवस चष्म्यावर काढावेत. सुरमा मात्र लेन्सच्या दिवशी नको. त्याची बारीक पूड लेन्सखाली जाऊन डोळा खरचटतो. गुलाबजलही नको. नटायचे असेल तर आधी लेन्स, मग पावडर-काजळ. उतरवताना आधी लेन्स काढावी.

नंदुरबारच्या बहिणींना एक खास सांगणे. मिरचीच्या हंगामात पथारीवर लाल मिरची पसरते, घरोघरी देठ खुडले जातात, वर्षाचे तिखट कुटले जाते. तिखटपणा मिरचीतल्या तेलकट अंशात असतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही, बोटांवर तासन्‌तास राहतो. हाताला आधी खाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने दोन-तीनदा धुवावे. तरी त्या दिवशी लेन्सला हात न लावलेलाच बरा. मिरचीचे काम त्या दिवशी चष्मा घालूनच करावे. तिखट लागलेली लेन्स धुऊन वापरू नये, फेकावी.

लेन्सची डबी रोज रिकामी करावी. कालच्या सोल्यूशनमध्ये आजचे मिसळू नये. डबी सोल्यूशनने धुऊन उपडी वाळवावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. एक महिन्याची लेन्स पाकीट उघडल्यापासून महिन्याभराने टाकावी, कमी दिवस घातली म्हणून पुढे ओढू नये. परवडत असेल तर नवशिक्यांना रोज टाकायची लेन्स सर्वांत सोपी. पहिल्या दिवशी साधारण चार तास, मग डॉक्टर सांगतील तसे वाढवावे. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेन्स आणि डबी सोबत न्यावी. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब टाकू नयेत.

आता "कोणाला कळणारही नाही" या शब्दांकडे येऊ. ज्या मुलीचा चष्मा सासरी माहीत नाही, ती रात्री सगळ्यांदेखत डबी कशी उघडणार? सोल्यूशनची बाटली कोठे ठेवणार? ती दिवे मालवायची वाट पाहील, अंधारात अर्धवट धुतलेल्या हाताने लेन्स काढील, किंवा न काढताच झोपेल. डोळा लाल झाला तरी "कचरा गेला" म्हणेल आणि दोन दिवस घालवील. तेच दोन दिवस नजरेचे असतात. वर सांगितलेला एकही नियम लपूनछपून पाळता येत नाही.

म्हणून आम्ही आईवडिलांना विनंती करतो. पाहुण्यांसमोर मुलीला एकदा तरी चष्म्यासह बसू द्या, नंबर स्वतः सांगा. निकाहची बोलणी खरेपणाने व्हावीत, हे आपण सगळेच मानतो. त्या खरेपणात चष्म्याचा नंबरही येतो. चष्मा पाहून परत जाणारे घर लपवलेली लेन्स सापडल्यावर काय म्हणाले असते, याचा विचार करा. आणि सासवांना सांगणे एवढेच : सून आली की न्हाणीघराबाहेर, कोरड्या जागी, एका फळीवर आरसा, स्वच्छ कापड आणि तिच्या डबीला जागा करून द्या. शेजारी तिचा चष्माही राहू द्या. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकीकडे चालू नंबरचा चष्मा हवाच, कारण डोळ्याला विश्रांती लागते आणि ती मागायला तिला संकोच वाटता कामा नये.