सिंहासनाची पायरी : अद्भुतातील राज्य आणि विश्वस्ताचा प्रश्न

मराठी समीक्षेचे अद्भुताशी असलेले नाते प्रारंभापासूनच संशयाचे राहिले आहे. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांनी वाचकांना मोहविले. परंतु काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) या लेखनापासून संभवनीयतेच्या कसोटीने या प्रकाराला सतत दुय्यम ठरविले. पुढे वास्तववादाची प्रतिष्ठा वाढत गेली आणि अद्भुतातील राज्य म्हणजे राजकारणाचा स्पर्श नसलेले, केवळ रंजनासाठी उभारलेले राज्य, हे गृहीतक जवळजवळ सिद्धान्त बनले. हरवलेला राजपुत्र, बळकावलेले सिंहासन, अखेरीस राज्याभिषेक, असा ठरीव साचा एकदा सांगितला की विवेचन संपले, अशी समजूत रूढ झाली.

हे गृहीतक तपासून पाहावयाचे तर ज्या कृतीत हा साचा सर्वांत ठळक दिसतो, तीच निवडणे उचित. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्रिखंडात्मक कृती १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादामुळे ती मराठी वाचकाच्याही आवाक्यात आली आहे. तिच्या अखेरच्या खंडाचे नावच राजाच्या परतण्याचा निर्देश करते. अज्ञातवासात वाढलेला वारस ॲरागॉर्न परततो आणि गॉन्डॉरच्या राजमुकुटाचा स्वामी होतो, एवढेच कथासूत्र सांगितले तर वरील साच्याचा तो उत्तम नमुना ठरेल. परंतु संहितेचे सूक्ष्म वाचन केल्यास वारसाचा प्रश्न येथे 'खरा हक्कदार कोण' एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याला ती परत करता येते काय, हा या कृतीतील खरा राजकीय प्रश्न आहे. त्याचे दुःखान्त उत्तर म्हणजे कारभारी डेनेथॉर.

गॉन्डॉरचा इतिहास टॉल्किन यांनी मुख्य कथेबरोबरच परिशिष्टांतून मांडला आहे, आणि तो वारसाच्या कलहांचाच इतिहास आहे. तिसऱ्या युगाच्या पंधराव्या शतकात एल्डाकार हा राजा गादीवर आला. त्याची आई उत्तरेकडील परक्या लोकांतील. रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध बंड केले आणि आरमाराचा सेनानी कास्टामीर याने १४३७ मध्ये सिंहासन बळकाविले. या यादवीत ओस्गिलियाथ ही राजधानी जळाली, राजपुत्र मारला गेला. दहा वर्षांनी एल्डाकार परतला आणि त्याने कास्टामीरचा वध केला. येथे लक्षणीय गोष्ट अशी की शुद्ध रक्ताचा आग्रह धरणारा पक्ष संहितेत क्रूर व विध्वंसक ठरतो, तर मिश्र रक्ताचा राजा अधिकारी ठरतो. अद्भुतकथा म्हणजे वंशश्रेष्ठतेचे गुणगान, हे सरसकट विधान येथेच सैल होते.

दुसरा कलह शस्त्रांचा नसून युक्तिवादाचा आहे, म्हणूनच तो अधिक महत्त्वाचा. १९४४ मध्ये राजा ओन्डोहेर व त्याचे दोन्ही पुत्र युद्धात पडले. उत्तरेकडील राज्याचा वारस आर्वेडुई याने गॉन्डॉरच्या मुकुटावर हक्क सांगितला. त्याचे आधार दोन : आपण ज्येष्ठ शाखेचे, म्हणजे इसिल्डूरचे वंशज आहोत, हा पहिला, आणि आपली पत्नी फिरिएल ही ओन्डोहेरचे एकमेव हयात अपत्य आहे व प्राचीन कायद्यानुसार राजदंड ज्येष्ठ अपत्याकडे, मग ते पुत्र असो वा कन्या, जातो, हा दुसरा. गॉन्डॉरच्या मंडळाने पहिला दावा फेटाळला. मुकुट केवळ अनारिओनच्या वंशाचा, असा निर्णय दिला. दुसऱ्या मुद्द्याला मात्र उत्तरच दिले नाही. ते मौन टॉल्किन यांनी नोंदवून ठेवले आहे. कन्येचा हक्क खोडून काढला गेला नाही, तो ऐकलाच गेला नाही. मुकुट विजयी सेनानी एआर्निलकडे गेला. या निर्णयात प्रमुख वाटा होता पेलेन्डूर या कारभाऱ्याचा. आणि कारभारीपद वंशपरंपरागत झाले ते याच पेलेन्डूरपासून.

एआर्निलचा पुत्र एआर्नूर २०५० मध्ये शत्रूचे आव्हान स्वीकारून गेला, तो परतला नाही. त्याच्या मृत्यूचा साक्षीदार नव्हता, त्याला अपत्यही नव्हते. तेव्हा राजा परत येईपर्यंत त्याच्या नावाने राज्य चालविण्याची शपथ घेऊन पेलेन्डूरच्याच घराण्यातील मार्डिलने कारभार हाती घेतला. ही व्यवस्था नऊशे एकोणसत्तर वर्षे टिकली. डेनेथॉर हा या मालिकेतील सव्विसावा. या घराण्याने मुकुट धारण केला नाही, राजदंड घेतला नाही; हाती केवळ पांढरी काठी. सिंहासन रिकामे, आणि त्याच्या चौथऱ्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कारभाऱ्याचे साधे काळे आसन. सत्ता सर्व आहे, तिचे नाव तेवढे नाही, ही अवस्था याहून नेमकेपणाने दाखविणे कठीण.

डेनेथॉरचा थोरला पुत्र बोरोमीर याने बालपणी पित्याला विचारले होते की राजा परतला नाही तर कारभाऱ्याचा राजा होण्यास किती शतके लागतात? इतरत्र थोडी वर्षे पुरत असतील, गॉन्डॉरमध्ये मात्र दहा हजार वर्षेही पुरणार नाहीत, अशा आशयाचे उत्तर डेनेथॉर देतो. हे उत्तर इतिहासाशी ताडून पाहण्याजोगे आहे. फ्रँकांच्या राज्यात राजप्रासादाचा कारभारी पेपिन ७५१ मध्ये स्वतःच राजा झाला. स्कॉटलंडमध्ये वंशपरंपरागत कारभाऱ्यांचे घराणे मातृवंशाच्या आधाराने १३७१ मध्ये सिंहासनावर आले आणि पदाचे नावच त्या राजवंशाचे नाव झाले. मराठी वाचकाला येथे सातारा आणि पुणे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शाहू छत्रपतींच्या १७४९ मधील निधनानंतर सत्तेचे केंद्र निर्विवादपणे पुण्याला गेले, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. पेशवे छत्रपती झाले नाहीत. हे साम्य फार ताणता येणार नाही, कारण साताऱ्याचे सिंहासन रिकामे नव्हते. परंतु नाममात्र स्वामी आणि प्रत्यक्ष कर्ता यांच्यातील ताण ही कविकल्पना नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

डेनेथॉरला खलपुरुष मानणे ही वाचनातील मोठी चूक होय. तो बुद्धिमान आहे, निष्ठावान आहे, शत्रूला कधीही शरण न जाणारा आहे. दूरचे दाखविणाऱ्या स्फटिकगोलातून त्याला जे दिसते ते खोटे नसते. शत्रूने निवडून दाखविलेले सत्य असते, आणि त्यातून तो पराभवाचा निष्कर्ष काढतो. त्यातच थोरला मुलगा गेलेला, धाकटा फारामीर मरणाच्या दारात. तथापि त्याच्या अंताचे कारण केवळ निराशा नाही. चितेजवळ उभा असताना तो वारसाहक्काचा मुद्दा काढतो. ॲरागॉर्नचा दावा सिद्ध झाला तरी तो इसिल्डूरच्याच शाखेचा, असे तो म्हणतो. म्हणजे हजार वर्षांहून जुना, आपल्याच पूर्वजाने घडविलेला निर्णय तो पुढे करतो. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद निराधार नाही. पण ज्या घराण्याने राजाच्या परतण्याची शपथ पिढ्यान्‌पिढ्या घेतली, त्याच घराण्याला राजा समोर येताच तो नकोसा होतो. शपथेतील 'राजा परत येईपर्यंत' या शब्दांचा अर्थ दीर्घ सवयीने 'कधीच नाही' असा होऊन बसला होता. अखेर तो हातातील काठी मोडतो आणि स्वतःला जाळून घेतो. पुत्रालाही बरोबर नेऊ पाहतो. जे परत करावयाचे ते नष्ट करणे, ही विश्वस्ताच्या अधःपाताची परिसीमा आहे.

भारतीय वाचकाच्या मनात विश्वस्त म्हटल्यावर नंदिग्रामातील भरत उभा राहतो. सिंहासनावर पादुका ठेवून त्यांच्या नावाने राज्य चालविणारा भरत आणि रिकाम्या सिंहासनाच्या पायरीवर बसणारा डेनेथॉर यांतील भेद केवळ शीलाचा मानला जातो. तो परिस्थितीचाही आहे. भरताच्या न्यासाला चौदा वर्षांची मुदत आहे, स्वामी ज्ञात आहे, तो बंधू आहे. डेनेथॉरच्या न्यासाला मुदत नाही, स्वामीचा चेहरा नाही. अनिश्चित काळासाठी सोपविलेली सत्ता सांभाळणाऱ्याच्या मनात मालकीची भावना कशी रुजते, याचा विचार रामकथेला करावा लागत नाही. टॉल्किन यांनी तो केला आहे.

या अधःपाताच्या विरोधात दोन कृती उभ्या आहेत. युद्ध जिंकल्यावर ॲरागॉर्न राजा म्हणून नगरात शिरत नाही. निशाण गुंडाळून तटाबाहेर राहतो. तो आत येतो तो जखमींवर उपचार करण्यासाठी, आणि राजाचे हात हे वैद्याचे हात असतात या जुन्या लोकसमजुतीवरून सामान्य जन त्याला ओळखू लागतात. राजस्पर्शाने व्याधी बरी होते ही श्रद्धा इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, ॲन राणीच्या काळापर्यंत, प्रत्यक्ष आचारात होती. मार्क ब्लॉक या इतिहासकाराने १९२४ मध्ये तिचा स्वतंत्र ग्रंथ लिहून अभ्यास केला. दुसरी कृती फारामीरची. राज्याभिषेकाच्या वेळी तो पांढरी काठी पुढे करून पद सोडण्याची अनुज्ञा मागतो आणि ॲरागॉर्न ती काठी त्यालाच परत देतो. पित्याने मोडलेले पद पुत्राने परत केल्यामुळे टिकते. मुकुट चढविण्यापूर्वी जमलेल्या लोकांना त्यांची संमती विचारली जाते, हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते दुर्बल नाहीत. मायकेल मूरकॉक यांनी १९७८ मध्येच या प्रकारच्या लेखनातील स्थितिप्रियतेवर कठोर टीका केली. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी सज्जन राजा म्हणजे सुराज्य हे समीकरण नाकारताना ॲरागॉर्नचे करविषयक धोरण काय होते, असा मार्मिक प्रश्न केला. लोकांची संमती गॉन्डॉरमध्ये अखेर घोषणेपुरतीच आहे. वंश शेवटी निर्णायक ठरतो. फिरिएलच्या हक्काचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. हे सर्व मान्य करावयास हवे. परंतु मार्टिन यांचा प्रश्न राजा राज्य कसे करील याविषयी आहे. टॉल्किन यांचा प्रश्न सत्ता हातातून सुटते कशी याविषयी. दुसरा प्रश्न राजेशाहीपुरता मर्यादित नाही. संस्था, प्रतिष्ठाने, पीठे, विद्यापीठांतील विभागसुद्धा, जेथे जेथे तात्पुरता कारभार हाती घेतला जातो, तेथे तेथे तो लागू पडतो.

मराठीच्या अभ्यासकांना यातून एक कार्य सुचते. सातारा १८४८ मध्ये, नागपूर व झाशी १८५४ मध्ये खालसा झाली. दत्तक वारस नामंजूर झाले. त्यानंतरच्या दोन दशकांतच मराठी अद्भुतरम्य कादंबरी बहरली. राजे, राजकन्या आणि संकटांत सापडलेली कुळे यांचे त्या काळच्या वाचकाला एवढे आकर्षण का वाटले, याचे उत्तर केवळ 'रंजन' या एका शब्दात देता येईल काय? हे नाते कार्यकारणाचे आहे असे आधीच ठरविणे गैर. पण ते तपासण्यासारखे नाही असे मानणे अधिक गैर. त्यासाठी त्या संहिता संभवनीयतेच्या जुन्या कसोटीवर पुन्हा एकदा नापास न करता, त्यांतील सत्ता कोणाच्या नावाने चालते, ती कोण सांभाळतो आणि ती परत केली जाते काय, या प्रश्नांनिशी वाचल्या पाहिजेत. अद्भुतातील सिंहासन काल्पनिक असेल. त्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाचा पेच काल्पनिक नाही.