थकव्यावरची गोळी आणि थकव्याचे मूळ

उन्हाळ्याच्या तोंडाशी हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम ऐन भरात येतो. वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागांतील शेतांत बाया दिवसभर ओणव्याने कंद वेचतात, गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करतात. गडी हळद शिजवतात, पोती वाहतात. काम पुष्कळदा गुत्त्याचे, म्हणजे जितके उरकेल तितका पैसा. हंगाम सरत येतो तसे अंग मोडून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मग ‘ताकदीचे’ इंजेक्शन, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा सलाइनची बाटली यांचा आधार शोधला जातो. हा आधार कितपत खरा, हे पारखून पाहणे केवळ वैद्यकाचे काम नव्हे. तो मजुरीच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

बाटलीचा हिशेब सरळ आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाइनमध्ये अवघी २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणाऱ्या कॅलरी शंभरच्या आसपास. ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीची बरोबरीही ती करीत नाही. घामावाटे पाणी आणि क्षार गेलेल्या माणसाला बाटलीने तरतरी येते हे खरे. पण तोंडाने पाणी घेऊ शकणाऱ्यास तीच तरतरी मीठ-साखरेच्या पाण्यानेही येते. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांचेही असेच. शरीरात ती पुरेशी असतील, तर वरून दिलेली बरीचशी लघवीवाटे निघून जातात.

म्हणून सारी औषधे थोतांड ठरवावीत काय? मुळीच नाही, कारण उणीव खरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ‘बी-१२’ कमी होते. जिच्या रक्तात लोहच नाही, तिला नुसती विश्रांती पुरत नाही. मात्र उणीव कोणाची आणि कशाची, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही.

गोळीची परीक्षाही वाटते तितकी सोपी नसते. फ्रान्समध्ये रक्तक्षय नसलेल्या, पण लोहाचा साठा कमी असलेल्या १९८ थकलेल्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लोह दिले, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनी लोह घेणाऱ्यांचा थकवा ४८ टक्क्यांनी उतरला होता; पण पोकळ गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला होता! कोणीतरी विचारपूस केली, उपचार सुरू झाला, काही दिवस लोटले, एवढ्यानेही माणसाला बरे वाटते. तेव्हा ‘इंजेक्शनने गुण आला’ ही साक्ष प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही.

याहून उद्बोधक आहे तो इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांवरचा, १९७९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. तेथील मजुरांची कमाईही गोळा केलेल्या चिकावर ठरे. साठ दिवस रोज १०० मिलिग्रॅम लोह दिल्यावर रक्तक्षयी मजुरांचे काम निरोगी मजुरांच्या जवळपास पोहोचले. प्रयोगात टिकून राहावे म्हणून मजुरांना रोज काही सेंटही दिले जात. त्या चिल्लरीने त्यांच्या जेवणात भर पडली, आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचीही प्रकृती काही अंशी सुधारली. गोळीची परीक्षा घेता घेता नकळत मजुरीचीही परीक्षा झाली.

हिंगोलीच्या दृष्टीने सारा मुद्दा येथेच आहे. गोळीने बळ वाढले, तर वाढलेल्या कामाचे फळ कोणाच्या पदरात पडणार? गुत्त्याचा दर कायम राहिला, तर मजुराला दोन पैसे जास्त मिळतील किंवा तो लवकर घरी जाईल. पण पुढच्या हंगामात दर त्या वाढीव वेगाच्याच हिशेबाने ठरला, तर गोळीने आलेले बळ मालकाच्या खात्यावर जमा होईल आणि मजुराकडे थकवा तेवढा शिल्लक राहील. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सरकारी कामावर पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीचा अवकाश यांची तरतूद केली. खाजगी शेतातील गुत्त्याच्या हिशेबात मात्र विश्रांती ही बुडालेली कमाई असते.

म्हणून अशी परीक्षा जिल्ह्यात कधी झालीच, तर ती दुहेरी असावी. आधी रक्त तपासावे, उणीव असेल तेथे पूर्ण मुदतीचा उपचार मोफत द्यावा. आणि काही टोळ्यांना दुपारची पगारी विश्रांती, सावली व पाणी देऊन त्यांचाही थकवा त्याच मापाने मोजावा. लोहाची उणीव लोहाने भरून निघेल. विश्रांतीची उणीव भरून काढणारे जीवनसत्त्व मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.