बंदिवानाची संमती

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातली (१७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांची टिपणे जपून ठेवली आहेत. एकेका रोग्याची हकीकत वेगळी लिहिलेली, सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे. राजांनी उभारलेल्या धन्वंतरी महालातही नवी औषधे पारखली जात. पण ती पारख रोग्याचे दुखणे हटवण्यासाठी होती.

वैद्यकाच्या नोंदी अशाही असतात आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदींसारख्याही. मांचुरियात जपानी लष्करी डॉक्टर शिरो इशीईच्या ७३१ व्या पथकाने बंदिवानांना रोगजंतू टोचले, जिवंतपणी चिरले. त्यांना ते लोक ‘मारुता’ म्हणत, म्हणजे ओंडके. नाझींच्या दाखाऊ छळछावणीत डॉक्टर झीगमुंड राशरने १९४२-४३ मध्ये कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवले आणि माणूस किती वेळात मरतो ते मोजले.

या प्रकारांची उघड तरफदारी आज फारसे कोणी करत नाही. आडून मात्र तीन युक्तिवाद ऐकू येतात.

पहिला असा : कृत्य वाईट, पण ज्ञान तर मिळाले! तेही खरे नाही. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट बर्जर यांनी १९९० मध्ये राशरच्या प्रयोगांची छाननी केली. आखणी सदोष, नोंदी अपुऱ्या आणि परस्परविसंगत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. इशीईच्या नोंदींच्या मोबदल्यात तर अमेरिकेने त्याला खटल्यातून सोडले. ज्ञानाच्या मोहापायी न्याय विकला गेला.

दुसरा युक्तिवाद : कैदी तसाही मरणारच होता. त्याला मरणाच्या दारात ज्यांनी नेले, त्यांनीच ते मरण सबब म्हणून पुढे करावे? मारेकऱ्याला स्वतःच्या गुन्ह्याचा आधार घेता येत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत चिवट आहे : कैद्याने संमती दिली होती. न्यूरेंबर्गच्या खटल्यात (१९४६-४७) जर्मन डॉक्टरांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगाकडे बोट दाखवले. तिथे युद्धकाळात कैद्यांना हिवतापाची लागण करून औषधे पारखली होती, तीही ‘स्वेच्छेने’.

इथे आपलेही घर तपासले पाहिजे. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मग तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली. न टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू अधिक आढळले. हाफकिन यांना राशरच्या पंक्तीला बसवणे अन्याय ठरेल. रोग तुरुंगात आधीच होता, लस कैद्यांच्याच बचावासाठी होती आणि पहिला धोका त्यांनी स्वतः पत्करला होता. म्हणून त्या कैद्यांची संमती मोकळी होती, असे मात्र म्हणता येत नाही. दाराबाहेर पाऊल टाकण्याची ज्याला मुभा नाही आणि ज्याचे जेवण, काम, सुटका सारे दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्या होकाराला कितीसे मोल? तुरुंगात लस यशस्वी झाली, हा तुरुंगात प्रयोग करण्याचा परवाना नव्हे.

मग नियम कोणता धरावा? न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४७ मध्ये दहा कलमे सांगितली. पहिले स्वेच्छेच्या संमतीचे. नववे त्याहून कमी उद्धृत होते, पण त्याचे मोल तेवढेच : प्रयोग सोडून देण्याचा हक्क त्या माणसाचा असावा. ज्याला सोडता येत नाही त्याने होकार दिला असे मानूच नये. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कैद्यांना विशेष संरक्षण हवे असलेल्यांत गणले आहे. ते कागदावर राहू नये, यासाठी नैतिकता समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने ‘सही आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘हा माणूस नाही म्हणू शकला असता का?’ हे विचारले पाहिजे.

युद्ध असो वा साथ, जो ‘नाही’ म्हणून उठून जाऊ शकत नाही, त्याच्या देहावर वैद्याचा अधिकार त्याला बरे करण्यापुरताच आहे.