फवारणीचे विष आणि रक्ताची साक्ष

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले, हातमोजे व मुखवट्यांचा उपदेशही झाला. परंतु मजूर कोसळण्यापूर्वीच त्याच्या अंगात भिनलेले विष ओळखावे कसे, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे शरीरातील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, निकामी करतात. मज्जातंतूंच्या संदेशाला वेळीच विराम देणे हे त्याचे कार्य. ते थांबले की घाम व लाळ सुटते, दृष्टी अंधूक होते, अखेर श्वास कोंडतो. या विकराची पातळी रक्तात मोजता येते. मात्र त्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि ती शेताच्या बांधावर नसते.

येथेच सूक्ष्म विद्युत् जैवसंवेदकाचे महत्त्व आहे. 1962 साली लेलँड क्लार्क यांनी विकर व विद्युत्-अग्र यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली. मधुमेह्यांचे साखर मोजण्याचे यंत्र हे तिचेच फळ. कोलिनेस्टरेजसाठीही संशोधकांनी अशा पट्ट्या सिद्ध केल्या आहेत. पट्टीवरील द्रव्याचे रक्तातील विकर विघटन करते व त्यातून सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. विकर जितके दुबळे, तितका प्रवाह क्षीण.

तथापि यंत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. विकराची पातळी माणसागणिक भिन्न असल्याने हंगामापूर्वीची नोंद हाताशी हवी. शिवाय पायरेथ्रॉइडसारख्या इतर विषांचा सुगावा या तपासणीत लागत नाही. कॅलिफोर्नियात 1974 पासून फवारणी कामगारांची अशी नियमित तपासणी होते. तांबड्या पेशींतील पातळी मूळच्या 70 टक्क्यांवर उतरली की कामगाराला विषाच्या कामावरून दूर केले जाते.

यवतमाळचा मजूर मात्र रोजंदारीवर जगतो. काम थांबविण्याचा सल्ला त्याला उपासमारीची सूचना वाटली, तर तो तपासणीच टाळील. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र देतानाच बुडालेल्या मजुरीची भरपाई व पर्यायी काम यांची तरतूद केली पाहिजे. रक्ताने दिलेली साक्ष ऐकण्याची शासनाची तयारी नसेल, तर ती नोंदवून काय साधणार?