जुन्या जिप्सीची गाळणी

चहा गाळून घ्यायचा, दूध गाळून घ्यायचं, पीठ चाळून घ्यायचं, हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण दारात उभ्या असलेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या जिप्सीला आपण जे पेट्रोल पाजतो, ते इंजिनात जाण्याआधी नीट गाळलं जातंय का, हे किती जण बघतात? या वेळी त्या गाळणीबद्दल बोलू. पेट्रोलच्या नळीत मध्येच बसवलेली छोटी डबी, एका बाजूने पेट्रोल आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. स्पेअर पार्टच्या दुकानात तिला ‘इनलाइन फ्युएल फिल्टर’ म्हणतात.

मारुती जिप्सी आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली. पहिल्या जिप्सीचं इंजिन ९७० सीसीचं आणि कार्बोरेटरवर चालणारं. १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ आली आणि २००० साली फ्युएल इंजेक्शन. आज हौसेने जपलेल्या, नदीपात्रात, जंगलवाटांवर आणि घाटांत फिरणाऱ्या अनेक जिप्सी कार्बोरेटरच्याच आहेत. या लेखातला मुख्य सल्ला त्यांच्यासाठी आहे.

कचरा येतो कुठून?

पंपावरचं पेट्रोल खराब असतं, असा आपला आवडता आरोप असतो. कधी तो खराही असतो. पण जुन्या गाडीत बहुतेक कचरा घरचाच असतो. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी राहिली, की वरच्या मोकळ्या भागात दमट हवा शिरते, पाणी धरतं आणि आतून गंज चढतो. पावसाळ्यात हे जास्तच होतं. नंतर तुम्ही गाडी खडकाळ वाटेवर नेता. टाकीतलं पेट्रोल हिंदकळतं आणि तळाला वर्षानुवर्षं शांत बसलेला गाळ ढवळून निघतो. म्हणून शहरात गुण्यागोविंदाने चालणारी गाडी नेमकी सहलीतच खोकायला लागते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल टाकीत आणि नळ्यांत साचलेला जुना चिकटा सोडवतं, पाणी ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला हळूहळू खराब करतं. पाणी फार झालं, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं पडतं आणि तळाशी बसतं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाजवळच असतं. जिप्सी बनली तेव्हा या पेट्रोलचा विचार झालेला नव्हता, त्यामुळे लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्या भोकांतून जातं, त्यांना जेट म्हणतात. मुख्य जेटचं भोक साधारण एक मिलिमीटरचं असतं आणि आयडलिंगच्या जेटचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. गंजाचा एक कण तिथे पुरतो.

गाडी काय सांगते?

फिल्टर तुंबला तरी गाडी जागेवर छान चालू राहते, कारण तेव्हा तिला पेट्रोल थोडंच लागतं. खरी परीक्षा चढावर होते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी दम टाकते, झटके देते. थोडं थांबलं की पुन्हा बरी चालते आणि दोन वळणांनंतर परत तेच. इग्निशन ठीक असेल, तर अशा वेळी आधी फिल्टर बघा.

याला किरकोळ कटकट समजू नका. घाटात इंजिन बंद पडलं, की ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. मागे गाड्यांची रांग, गाडीत मुलं आणि आजी-आजोबा, आणि गाडी मागे सरकू लागलेली. अशा वेळी कळतं, ही डबी किती महत्त्वाची होती.

उलटही होतं. फिल्टर नसेल किंवा फाटलेला असेल, तर कचरा कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतो, व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडतं. पेट्रोलचा वास येत असेल, तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ म्हणून सोडून देऊ नका.

फिल्टर कोणता?

कार्बोरेटरच्या गाडीसाठी कागदी गाळणी असलेला, नळीच्या मापाचाच फिल्टर घ्या. सहा मिलिमीटरच्या तोंडावर आठची नळी चढवून क्लॅम्प आवळण्याचा उद्योग करू नका. पारदर्शक प्लास्टिकचा असेल तर आतलं दिसतं, हा मोठा फायदा. काचेचा फिल्टर देखणा असतो, पण खडकाळ वाटेवर उडालेला एक दगड त्याला पुरतो. ऑफ-रोड गाडीत काच नकोच.

तुमची जिप्सी इंजेक्शनची असेल, तर हा प्लास्टिकचा फिल्टर तिला चुकूनही लावू नका. कार्बोरेटरच्या नळीत जेवढा दाब असतो, त्याच्या जवळजवळ दहापट दाब इंजेक्शनच्या नळीत असतो. तिथे कंपनीने सांगितलेलाच धातूचा फिल्टर आणि त्याच दर्जाची नळी हवी.

जुनी मोटरसायकल किंवा एटीव्ही असेल, तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच जुन्या गाड्यांत पंप नसतो, पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरतं. मोटारीचा दाट कागदी फिल्टर तिथे वाट अडवतो आणि पूर्ण वेगात इंजिन उपाशी राहतं. तिथे बारीक जाळीचा, अशा गाड्यांसाठीच बनवलेला फिल्टर लावा.

बसवायचा कसा?

मूळ फिल्टर जिथे होता, तीच जागा उत्तम, म्हणजे टाकी आणि पंप यांच्या मध्ये. तिथे पंपही जपला जातो आणि कार्बोरेटरही. पंपानंतर, इंजिनाच्या डोक्यावर फिल्टर लटकवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण तिथली उष्णता वाईट. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटू शकतो आणि गळती झाली तर ती थेट गरम भागावर. सायलेन्सरच्या पाइपापासून फिल्टर लांब ठेवा आणि चासीला पट्टीने बांधा, म्हणजे हादऱ्यांनी नळी घासणार नाही.

काम मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड असताना करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा. जवळ सिगारेट, देव्हाऱ्यातलं निरांजन, चालू गिझर यांपैकी काही नको. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. नळी चिमट्याने दाबून धरा, खाली डबा ठेवा आणि मग क्लॅम्प सोडा. नव्या फिल्टरवरचा बाण पेट्रोल जाण्याच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे हवा. नळी कडक झाली असेल, तिला भेगा असतील, तर फिल्टरबरोबर तीही बदला, आणि नवी घेताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी मागा. शेवटी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओलावा दिसला, तर गाडी बंद करून जोड पुन्हा बघा. सांडलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला, तर घाबरू नका. वर थोडी हवा राहते आणि गाडी व्यवस्थित चालते.

जुना फिल्टर वाचा

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. ज्या तोंडाने पेट्रोल आत येत होतं, तिकडून तो पांढऱ्या पसरट भांड्यात उलटा करा. हे भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तांबूस भुकटी निघाली, तर टाकी गंजते आहे. काळे रबरी तुकडे निघाले, तर नळी आतून सुटते आहे. तळाशी पाण्याचे मणी दिसले, तर टाकी रिकामी करून साफ करा, कारण साधा पेट्रोल फिल्टर पाणी अडवत नाही. पेट्रोल उडून गेल्यावर राहिलेला गाळ घरातल्या शाळकरी मुलांना जरूर दाखवा. विज्ञानाचा एक धडा फुकटात होतो.

नवा फिल्टर महिन्याभरात पुन्हा तांबडा झाला, तर तिसरा, चौथा आणत बसण्यात अर्थ नाही. टाकी उतरवून आतून साफ करून घ्या. मिस्त्री ‘फिल्टर बदलत राहा, चालतंय’ म्हणाला, तर त्याला हा गाळ दाखवा.

डिझेल जीपवाल्यांसाठी दोन शब्द. तुमचा मुख्य डिझेल फिल्टर काढून त्याजागी हा प्लास्टिकचा फिल्टर बसवणं म्हणजे पंप आणि नोझलची वाट लावणं. डिझेलला बारीक गाळणी आणि पाणी वेगळं करण्याची सोय दोन्ही लागतात. फिल्टर बदलल्यावर एअर काढायला विसरू नका, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही.

आता एक साधा नियम लावून घ्या. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, फिल्टर बदला. पावसाळा संपल्यानंतरची पहिली सर्व्हिसिंग ही त्यासाठी चांगली वेळ. आणि लांबच्या वाटेवर निघताना टूलकिटमध्ये एक नवा फिल्टर, हातभर नळी आणि चार क्लॅम्प टाका. स्टेपनीची हवा तपासताना फिल्टरकडेही एकदा वाकून बघा.