मापाला उभा केलेला माणूस

गेल्या महिन्यात रात्रपाळीला गोदीच्या शेडमध्ये एक कंटेनर रिकामा करत होतो. आठ जणांची टोळी आणि डोक्यावर मुकादम. खोकी लहान, पण साली दगडासारखी जड. आम्हाला वाटलं फरशी असेल. तपासणीसाठी साहेबानं एक खोकं फोडायला लावलं तेव्हा कळलं, आपण पुस्तकं उचलतोय. हातभर रुंद, गुळगुळीत कागद, पानापानावर फोटो. गड, वाडे, देवळं, बारवा, ज्वारीची रानं, धुक्यातली कौलारू घरं. मजकूर नावाला. मागची किंमत वाचली. माझ्या आठवड्याच्या हजेरीत ते पुस्तक बसत नव्हतं.

साहेब चहाला गेला. मी मॅट्रिक झालेला हमाल, कविता करतो, छापील कागद दिसला की हात थांबत नाही. पानं उलटता उलटता आमच्या गावची बारव निघाली. खाली पाण्याजवळ बसून वर बघत काढलेला फोटो. पायऱ्यांवर पायऱ्या, कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती, हिरवं पाणी, वरून तिरपं ऊन. खाली गावाचं नाव आणि पुढं एकच शब्द: यादवकालीन. मोबाईलवर त्या पानाचा फोटो मारला आणि खोकं चिकटवून थप्पीला लावलं.

सकाळी घरी आल्यावर आजीला दाखवला. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"कुठली रं ही?"

"आपल्या गावची. वेशीजवळची."

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आतून अशी हाय व्हय."

दोस्तांनो, लग्न होऊन आली तेव्हापासून माझी आजी त्या बारवेवर पाण्याला जात होती. बारवेवर म्हणजे काठावर. रिकामी घागर पुढं ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, नाही आली तर ऊन डोक्यावर घेऊन परत फिरायचं. वस्तीत नळ आला तोवर हेच. आत किती पायऱ्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. दिवाणखान्यात पाय पसरून बसलेल्या गिऱ्हाइकाला जे सहज बघायला मिळतं, ते तिला सत्तरी उलटल्यावर माझ्या तडकलेल्या मोबाईलवर बघायला मिळालं.

तेव्हापासून मी असली पुस्तकं धुंडाळतोय. वाचनालयात, फुटपाथवरच्या रद्दीत, मोबाईलवर. जुन्या इमारती आणि गावं-रानं यांचे फोटो काढून पुस्तकं करायचा हा उद्योग कधी सुरू झाला, कुणी केला आणि कुणाच्या डोक्यावरून केला, हे वाचतोय. हाती लागलं ते तुमच्यापुढं मांडतो.

पॅरिसमध्ये १८३८ साली दागेर नावाच्या माणसानं खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता गजबजलेला. पण तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. त्यामुळं चालणारी माणसं, घोडे, गाड्या, काहीच उमटलं नाही. इमारती तेवढ्या स्वच्छ उमटल्या. रस्त्याच्या कडेला एक माणूस मात्र राहिला, कारण तो पाय पुढं करून बूट पॉलिश करून घेत होता. माणूस दिसतो असा जगातला सर्वांत जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे जगाच्या फोटोत पहिल्यांदा कोण आलं? बूट पुढं करणारा आणि त्याच्या पायाशी बसलेला पुसणारा. पुसणारा जास्त अंधुक आहे. का? त्याचे हात चालत होते.

हे मी विसरू शकत नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढं जो कामाला लागला तो पुसला गेला. दगड राहिला, राबणारा गेला. हा कॅमेऱ्याचा दोष होता, मान्य. पण पुढं कॅमेरा सुधारला. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघायला लागला. तरी पुस्तकांतून राबणारा माणूस गायबच राहिला, त्याचा दोष कुणाचा?

आपल्याकडं मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. साहेब लोक होते तसे डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजींसारखे आपल्याकडचेही होते. तेव्हा ओल्या काचेची पद्धत चालू होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. फोटो मोठा पाहिजे तर काच तेवढीच मोठी, कॅमेराही तेवढाच मोठा. म्हणजे फोटो काढायला निघायचं तर काचा, बाटल्या, तंबू, पाणी, तिकाटणं, सगळा संसार सोबत. आता सांगा, हे उचलणार कोण?

मी ओझ्याचा माणूस आहे. कुठलाही जुना फोटो बघितला की मला आधी ओझं दिसतं. सॅम्युअल बॉर्न नावाचा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला. हिमालयातल्या त्याच्या फोटोंची आजही वाहवा होते, आणि फोटो खरोखरच सुंदर आहेत. पहिल्या सफरीला त्याच्यासोबत तीसेक कुली होते, दुसऱ्या वर्षी काश्मीरला गेला तेव्हा चाळीसेक. १८६६ साली तर त्यानं अठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो काढले. एवढ्या उंचीवर कुणी फोटो काढलेले नव्हते, म्हणून विक्रम बॉर्नच्या नावावर. काचा वर नेल्या कुणी? त्यांच्या नावावर काय? पहिल्या सफरीत वाटेत कुली ओझी टाकून पळाले, तर साहेब काठी घेऊन त्यांना शोधत गेला आणि सापडतील त्यांना बदडलं. ही बॉर्नवर कुणी केलेली चहाडी नाही. त्यानं स्वतःच फोटोग्राफीच्या नियतकालिकात लिहून छापलं. लाज वाटायचं कारणच नव्हतं.

त्याच बॉर्नची आणखी एक तक्रार होती: नेटिव्ह लोक कॅमेऱ्यापुढं सळईसारखे ताठ होतात, चित्रात जिवंतपणा येत नाही. अरे बाबा, ज्याच्या हातात काठी आहे तोच हलू नको म्हणतोय, तर माणसानं उभं तरी कसं राहावं?

आता आपल्या लेण्यांकडं या. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. वर्षानुवर्षं त्यानं रंगवलं. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण त्याच्या आधीच त्यानं कॅमेरा हातात घेतला होता. १८६४ साली 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' हे पुस्तक निघालं. मजकूर फर्ग्युसनचा, फोटो गिलचे, चौऱ्याहत्तर. तेव्हा फोटो शाईनं छापायची पद्धत रुळली नव्हती. प्रत्येक प्रतीत प्रत्येक फोटो हातानं चिकटवायचा. फोटोच्या पुस्तकांची सुरुवात ही अशी. हे काम मोलाचं आहे, ते मी नाकारत नाही. चित्रं जळाली, फोटो राहिले, म्हणून दीडशे वर्षांपूर्वी लेणी कशी होती ते आपल्याला कळतं.

पण त्या काळचे देवळांचे आणि लेण्यांचे फोटो नीट बघा. खांबाला टेकून, दाराच्या चौकटीत, मूर्तीच्या पायाशी बरेचदा एक माणूस उभा असतो. धोतर, उघडी पाठ, कधी डोक्याला फडकं. तो तिथं सहज आलेला नाही. त्याला उभा केलाय. खांब किती उंच ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. हल्ली उत्खननाच्या फोटोत त्या जागी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी ठेवतात. म्हणजे काठीचं काम माणसाकडून घेतलं. मजकुरात खांबाची उंची सापडते, लेण्याचं शतक सापडतं. त्या माणसाचं नाव मला अजून एकाही ठिकाणी सापडलं नाही. ज्याच्या उंचीनं सगळ्या इमारती मोजल्या त्याची मोजदाद कुणी केली नाही.

आणि मुंबईत तर याहून मोठी गंमत झाली. विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ साली मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींवर दोन भाग काढले. माणसांचे फोटो एकीकडं काढले, मुंबईची दृश्यं दुसरीकडं, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं. माणूस दिसतो एका जमिनीवर उभा, उभा होता भलत्याच ठिकाणी. मला हसू आलं नाही. आमची आख्खी पिढी अशीच कुठून तरी कापून मुंबईवर चिकटवली आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं साहेबाचं पाप, आता आपलं राज्य आहे. मग त्या कंटेनरमधल्या पुस्तकाचं काय? त्यात एक फोटो ड्रोननं घेतलाय. वरून दिसणारं गाव. मध्ये देऊळ, भोवती वाडे, मग घरांची दाटी. मग रिकामी पट्टी, आणि पट्टीपलीकडं पत्र्याची पंचवीस-तीस घरं. वेगळी. ज्या गोष्टीवर पुढारी भाषणात पांघरूण घालतात, ती आकाशातून एका फोटोत उघडी पडली आहे. कॅमेऱ्यानं बरोबर दाखवलं. फोटोखाली काय लिहिलंय? 'हिरवाईत विसावलेलं गाव.' विसावलेलं! ती पट्टी छापणाऱ्याला दिसली नसेल का? दिसली असणार. तिला नाव द्यायचं धाडस नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, भांडण कॅमेऱ्याशी नाही. पुस्तकं जाळा असंही मी सांगणार नाही. पुस्तक उचलायला किती जड असतं ते मला माहीत आहे. भांडण चौकटीशी आहे, आणि चौकटीखालच्या त्या एका ओळीशी. सुंदर म्हणून जे छापता त्याच्या बाहेर कुणाला ठेवलंय, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पण विचारायचं तर आधी स्वतःला विचारू. आपल्या मागच्या अंकाच्या कव्हरवर नाक्यावर कामाची वाट बघत बसलेल्या एका बाईचा फोटो होता. डोक्यावर पाटी, नजर लांब. सगळ्यांनी नावाजला. दोघा-तिघांनी भिंतीवर लावला. तो फोटो मी काढला होता. मी तिचं नाव विचारलं नाही. काढू का म्हणूनही विचारलं नाही. अंक छापून आल्यावर तीन दिवस त्या नाक्यावर गेलो, ती भेटली नाही. तिथल्या बायका म्हणाल्या, ती कामाला पनवेलकडं गेली असंल. म्हणजे बॉर्न काय आणि मी काय? माझ्याकडं काठी नव्हती, एवढाच फरक. तिलाही मी मापालाच उभी केली होती. माझा राग किती उंच आहे ते दाखवायला.

ही चूक या पानावर कबूल करतो. आणि ठरवतो: या अंकापासून आपल्या मासिकात नाव नसलेल्या माणसाचा फोटो छापला जाणार नाही. ज्याला नाव द्यायचं नसेल त्यानं तसं सांगावं, मग फोटोही नको.

आता काम. तुमच्या खिशात कॅमेरा आहे. बॉर्नला चाळीस माणसांच्या डोक्यावर जे न्यावं लागलं ते तुम्ही एका हातात घेऊन फिरता. गावाला जाल तेव्हा गडाचा, देवळाचा, बारवेचा फोटो जरूर काढा. ते दगडही आपल्यासारख्यांनीच वाहिलेत. पण मग मागं वळा आणि वस्तीचा काढा. पाणवठ्याचा, स्मशानाच्या वाटेचा, त्या रिकाम्या पट्टीचा काढा. फोटोसोबत चार गोष्टी लिहा: कोण, कुठं, कोणत्या साली, काय काम करताना. म्हाताऱ्यांना विचारा, ते आहेत तोवर. यातून पुस्तक होईल तेव्हा होईल. कागद गुळगुळीत नसला तरी चालेल.

पहिला फोटो मीच देणार आहे. या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजीला गावी नेतोय. गुडघे दुखतात तिचे, पण बारवेत उतरायचं म्हणते. हाताला धरून उतरवीन. किती पायऱ्या आहेत ते ती स्वतः मोजणार आहे. फोटो काढू का, हे तळाशी पोचल्यावर तिला विचारीन. हो म्हणाली तर पुढच्या अंकात तो फोटो येईल, खाली तिचं नाव आणि पायऱ्यांचा आकडा.