डबी इथे, डोकं तिथे!

दोस्तांनो, या खेपेला टपालात अकोल्याच्या जठारपेठेतून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते :

"माझी ताई पुण्याच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आजीच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून ती दोन महिने घरूनच काम करणार आहे. कंपनीनं तिला एक छोटी डबी, दोन मॉनिटर आणि वायरींचं भेंडोळं पाठवलं. डबी माझ्या जाड वहीएवढीच आहे! आम्ही सगळं जोडलं, पण चित्र एकाच पडद्यावर येतं, दुसरा काळाच राहतो. आजी म्हणते, 'एवढ्याशा डबीत पुण्याची कंपनी मावते काय वं?' बाबा म्हणतात, यात हार्डडिस्कच नाही, मग हा संगणक कसला? सोमवारपर्यंत जमलं नाही तर ताईला पुण्याला परत जावं लागेल. मग आजीजवळ दिवसा कोण थांबणार? आम्ही काय करू?"

पत्राचं उत्तर आम्ही तेव्हाच पाठवलं. पण हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येतो, म्हणून आज सगळ्यांसाठीच ही गोष्ट.

सडपातळ गिऱ्हाईक

आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, बरं का! त्या डबीत कंपनी मावत नाहीच. मावायची गरजही नाही. या डबीला म्हणतात 'थिन क्लायंट'. थिन म्हणजे सडपातळ आणि क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक. या गिऱ्हाइकाला जो वाढतो तो 'सर्व्हर', म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला दणकट संगणक. हिशेबाची सगळी आकडेमोड, सगळ्या फायली, सगळे प्रोग्रॅम त्या सर्व्हरवर. ताईच्या टेबलावरची डबी दोनच कामं करते. ताईनं कोणती कळ दाबली, माऊस कुठे हलवला, हे सर्व्हरला कळवायचं. आणि तिकडून येणारं चित्र पडद्यावर दाखवायचं. बस्स!

म्हणून तिला मोठी हार्डडिस्क लागत नाही. स्वतःला जागं करून सर्व्हरशी बोलणं सुरू करण्यापुरती थोडीशी साठवण तिच्यात असते. बहुतेक डब्यांत पंखाही नसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पंखा गरम हवेबरोबर धूळही आत ओढतो. इथे पंखाच नाही, तर धूळ ओढणार कोण? विजेचंही तसंच. अशी डबी साधारण १०-१५ वॅटवर भागवते. टेबलावरचा नेहमीचा मोठा संगणक याच्या कितीतरी पट वीज खातो.

ही डबी तुम्ही पाहिली आहे!

खोटं वाटतं? अकोला स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीशी कधी उभे राहिला आहात ना? आत बसलेल्या बाबूंच्या समोर एक पडदा असतो. पुष्कळ ठिकाणी दुसरा पडदा प्रवाशाकडे तोंड करून ठेवलेला असतो. म्हणजे तिथेही दोन पडदे! आता सांगा, मुंबईच्या गाडीत कोणती जागा रिकामी आहे, हे त्या टेबलावरच्या यंत्राला ठाऊक असतं का? मुळीच नाही. ते ठाऊक असतं दूरच्या मोठ्या संगणकाला.

असं का केलं असेल? समजा, अकोल्याच्या खिडकीतल्या यंत्रात एक यादी आणि नागपूरच्या यंत्रात दुसरी यादी ठेवली. दोन्हीकडे ३२ नंबरचा बर्थ रिकामा दिसला. दोन्हीकडून तो विकला गेला. मग गाडीत काय महाभारत होईल, याची कल्पना करा! म्हणून यादी एकाच जागी ठेवायची, आणि खिडक्या हव्या तितक्या काढायच्या. आपल्या रेल्वेत संगणकावर आरक्षण नवी दिल्लीत १९८५-८६ च्या सुमारास सुरू झालं. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली. १९९९ मध्ये 'कॉन्सर्ट' नावाच्या प्रणालीनं ही पाचही एकमेकांशी जोडली गेली. तेव्हापासून कुठल्याही गावच्या खिडकीवर कुठल्याही गावाहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मिळू लागलं. त्या काळी खिडकीमागे असायचं ते 'टर्मिनल', म्हणजे पडदा आणि कळफलक. आजच्या थिन क्लायंटचे ते आजोबाच म्हणा ना!

दोन पडदे कशाला?

तुम्ही गणितं सोडवताना पुस्तक आणि वही दोन्ही उघडी ठेवता की नाही? दर ओळीला पुस्तक मिटून वही उघडायची आणि वही मिटून पुस्तक, असं करावं लागलं तर? ताईचंही तसंच आहे. एका पडद्यावर बिल, दुसऱ्यावर हिशेबाचा तक्ता. बघायचं इकडे, लिहायचं तिकडे.

आता जोडणी करू. पण आधी एक नियम : टेबलाजवळचं बटण बंद, घरातलं मोठं माणूस सोबत, मगच वायरींना हात!

१. डबीच्या पाठीमागे चित्राच्या वायरीची तोंडं मोजा. एका मॉनिटरला एक तोंड लागतं. एकाच तोंडातून दोन फाटे काढणारी साधी वायर बाजारात मिळते. पण तिनं दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतं. आपल्याला दोन वेगळी चित्रं हवीत.

२. तोंडांचे आकार पाहा. डबीला 'डिस्प्लेपोर्ट' आणि मॉनिटरला 'एचडीएमआय' असेल, तर मधे साधा जोड चालतो. उलट असेल, म्हणजे डबीला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, तर साधा जोड चालत नाही. त्यासाठी वेगळा, वीज घेणारा जोड लागतो. दुकानात जाताना दोन्ही तोंडांचे फोटो काढून न्या.

३. नेटची वायर थेट राऊटरपासून डबीपर्यंत आणता आली तर उत्तम. वायफाय भिंतीआड गेलं की दमतं. वायर तसं करत नाही.

४. आधी दोन्ही मॉनिटर सुरू करा, मग डबी. मॉनिटरच्या कडेला बटणं असतात. चित्र कोणत्या तोंडातून घ्यायचं ते तिथे निवडा. पुष्कळदा पडदा काळा राहतो तो एवढ्याचसाठी!

५. डबीच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'डुप्लिकेट' किंवा 'मिरर' असेल तर ते बदलून 'एक्स्टेंड' करा. डुप्लिकेट म्हणजे एकाची नक्कल दुसऱ्यावर, एक्स्टेंड म्हणजे दोन पडद्यांचं मिळून एक लांब मैदान. डावा कोण, उजवा कोण, हेही तिथेच सांगा. नाहीतर बाण उजवीकडे न्याल आणि तो डावीकडच्या पडद्यावर निघेल!

काळ्या पडद्याचं गुपित

एवढं करूनही दुसरा पडदा काळा राहिला तर? इथेच आजची मुख्य गोष्ट येते. आपलं यंत्र दोन ठिकाणी आहे, अर्धं घरात आणि अर्धं दूर. म्हणून बिघाड शोधतानाही पहिला प्रश्न एकच : दोष इकडचा की तिकडचा?

ते ओळखायची युक्ती सोपी आहे. सर्व्हरशी जोडणी करण्याआधी थांबा. नुसती डबी सुरू करा आणि पाहा. डबीचं स्वतःचं चित्र दोन्ही पडद्यांवर दिसतं का? दिसत नसेल, तर दोष इकडचा : वायर, जोड, मॉनिटरचं बटण किंवा डबीचं सेटिंग. दिसत असेल, पण ताईनं पासवर्ड देऊन काम उघडल्यावर एकच पडदा भरत असेल, तर वायरींना हात लावू नका. त्या निर्दोष आहेत! सर्व्हरला दुसऱ्या पडद्याची खबरच नाही. जोडणीच्या खिडकीत 'सगळे मॉनिटर वापरा' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची. तरीही नाही जमलं, तर कंपनीच्या मदत-खात्याला फोन. कारण कोणाला किती पडदे द्यायचे, हे काही वेळा तिकडूनच ठरवलेलं असतं.

आमच्या मैत्रिणीचं दुसरं पत्र आलं आहे. नुसती डबी सुरू केल्यावर दोन्ही पडदे लख्ख उजळले. म्हणजे दोष तिकडचा! ताईनं शनिवारीच फोन केला, कंपनीनं तिच्या नावाला दुसरा पडदा मंजूर केला आणि सोमवारी काम सुरू झालं. तीन दिवस घरातले सगळे मिळून वायरी उपसत होते ते वेगळंच!

थोडं गणित

आता जरा वही-पेन्सिल घ्या. नेहमीच्या एका पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्राला जवळजवळ ५ कोटी बिट! पडदे दोन आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर झाले सुमारे ३०० कोटी बिट, दर सेकंदाला. घरातली नेटची लाइन १०० एमबीपीएसची असेल तर ती सेकंदाला फक्त १० कोटी बिट आणते. मग तीसपट माल एवढ्याशा नळीतून येतो कसा?

तो येतच नाही! सर्व्हर हुशार असतो. तो पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा पाठवत नाही. जेवढा तुकडा बदलला तेवढाच, तोही दाबून लहान करून पाठवतो. ताईनं एक आकडा लिहिला तर त्या आकड्यापुरता तुकडा. म्हणून हिशेबाच्या कामाला नेट थोडं पुरतं. पण दुसऱ्या पडद्यावर सर्व्हरमधून व्हिडिओ लावला, की प्रत्येक क्षणी मोठा तुकडा बदलतो आणि आकडे अडखळत उमटू लागतात. त्याच लाइनवर धाकट्या भावानं सिनेमा उतरवायला घेतला तरी तेच होतं. ताईच्या कामाच्या वेळी घरच्यांनी एवढं सांभाळायला हवं.

लाइट गेली तर?

वऱ्हाडात हा प्रश्न विचारायलाच हवा! लाइट गेली की डबी मरते, पडदे विझतात. पण ताईचं अर्धवट लिहिलेलं पान? ते सर्व्हरवर असतं, आणि सर्व्हर तर चालूच आहे! लाइट आल्यावर वेळेत पुन्हा जोडणी केली, तर बहुधा पान जिथे सोडलं होतं तिथेच उघडं मिळतं. साध्या संगणकावर न साठवलेलं काम अशा वेळी जातं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नेटच गेलं, तर डबी म्हणजे नुसतं डबडं. त्यात एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. म्हणून घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर डबी आणि मॉनिटर लावा, पण राऊटर आणि नेटवाल्यांची भिंतीवरची पेटी विसरू नका. पुष्कळ घरांत नेमकं हेच राहून जातं. पडदे लख्ख, आणि नेट गुल!

पालकांसाठी दोन शब्द

डबीत फायली नसतात, त्यामुळे ती चोरीला गेली तरी कंपनीची कागदपत्रं सहसा चोराच्या हाती लागत नाहीत. अशी यंत्रं वापरण्यामागे हे मोठं कारण आहे. पण पासवर्ड बाहेर गेला तर मात्र दार उघडंच! म्हणून ताईचा पासवर्ड ताईलाच ठाऊक असावा, अगदी घरच्या माणसांनाही नाही. डबीला मुलांनी पेनड्राइव्ह लावायचा नाही. दोन मॉनिटर, डबी, राऊटर हे सगळं एकाच स्वस्तातल्या एक्स्टेन्शनवर कोंबू नका. अर्थिंग असलेला तीन पिनांचा बोर्डच वापरा.

मुलांच्या शाळेत जुने संगणक धूळ खात पडले असतील, तर त्यांनाही याच युक्तीनं कामाला लावता येतं. एक दणकट संगणक सर्व्हर करायचा आणि जुन्यांना त्याची गिऱ्हाइकं. यासाठी 'एलटीएसपी' नावाची फुकट मिळणारी लिनक्सची सोय १९९९ पासून आहे. मात्र सर्व्हर आजारी पडला की सगळी प्रयोगशाळा एकदम सुट्टीवर जाते, हे लक्षात ठेवूनच ठरवा.

आता तुमची पाळी!

खाली तीन तक्रारी दिल्या आहेत. प्रत्येकीत दोष इकडचा की तिकडचा, ते ओळखा. उत्तरं वरच्या मजकुरातच दडली आहेत.

१. बाण उजवीकडे नेला की डावीकडच्या पडद्यावर निघतो.

२. डबीचं चित्र दोन्ही पडद्यांवर आहे, पण कंपनीचं काम एकाच पडद्यावर उघडतं.

३. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र आहे, आणि मधे दोन फाट्यांची साधी वायर आहे.

आणि हो, तुमच्या गावात फिरून 'डबी इथे, डोकं तिथे' असणारी आणखी यंत्रं शोधा. बँकेच्या एटीएमपासून सुरुवात करा. यादी आम्हाला जरूर कळवा!